आमचं गाव बुडालंच नव्हतं!

गेले अडीच महिने मी भेटेल त्याला धरून एकच गोष्ट सांगते आहे. भाजीवाल्या मावशींना सांगितली, बँकेच्या रांगेत पुढं उभ्या असलेल्या अनोळखी बाईंना सांगितली, आता तुम्हाला सांगते. आमचं गाव सापडलं! पन्नास वर्षांपूर्वी नाथसागराच्या पाण्यात गेलेलं आमचं गाव, विहिरींसकट, गोठ्यांसकट, दारातल्या लिंबासकट सापडलं. कागदावर सापडलं. आणि ते कागद कुठं लंडनला नाहीत हो, इथंच आहेत. पैठणला, संभाजीनगरला, फार तर त्र्यंबकला. मी जन्मभर संभाजीनगरात राहिले, ज्या रस्त्यांनी रोज गेले त्याच रस्त्यांवरच्या इमारतींत माझा खापरपणजा बस्त्यात बांधून ठेवलेला होता आणि मला पत्ता नव्हता.

पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचं धरण झालं, नाथसागर हा त्याचाच जलाशय. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी ते देशाला अर्पण केलं. पंचावन्न किलोमीटर लांब पसरलेलं पाणी, सत्तावीस दरवाजे, मराठवाड्याची तहान. शाळेच्या सहलीत आम्हाला हे सगळं सांगितलं होतं. त्या पाण्याखाली शंभरावर गावं आहेत आणि त्यातलं एक आमचं आहे, हे मात्र मला घरी कळलं, तेही एका वाक्यात. आजी म्हणायची, "गाव गंगेत गेलं." आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. एवढं बोलून ती उठून जायची. माझा जन्म गाव उठल्यानंतरचा. पुनर्वसनातलं नवं गाव मी पाहिलं आहे, सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या, नाव तेच. पण जुन्याचं काही उरलेलं नाही, कागद नाहीत, फोटो नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

ठिणगी पडली ती थेट अमेरिकेतून. भाचा इंडियाना राज्यात फोर्ट वेन नावाच्या शहरात असतो. तिथल्या ॲलन काउंटी सार्वजनिक वाचनालयात वंशशोधाचा वेगळा विभाग आहे आणि तो त्या देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे. आसपासच्या चिमुकल्या गावांतली माणसं तिथं येतात, जुने दाखले, चर्चच्या नोंदवह्या, दफनभूमीच्या याद्या काढून बसतात. भाचा लेकीला घेऊन गोष्टींच्या पुस्तकांसाठी गेला होता. तिथं त्या चिमुरडीनं त्याला विचारलं की आपलं कुठं आहे? त्यानं मला फोन केला. "आत्या, आजोबांच्या आजोबांचं नाव काय होतं गं?" मला नाव येईना. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारलं, त्यांनाही येईना. आबांचं वय त्र्याहत्तर. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "त्र्यंबकच्या गुरुजींकडं असेल. तुझे आजोबा छपन्न सालच्या सिंहस्थाला गेले होते, तेव्हा वहीत लिहून आले होते."

वहीत! हे आबा आजवर कधीच बोलले नव्हते, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

चार दिवसांनी आम्ही दोघं त्र्यंबकेश्वरात होतो. तिथली पद्धत आधी सांगते, म्हणजे कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल. तीर्थोपाध्यायांच्या घराण्यांत गावं आणि आडनावं पिढ्यानपिढ्या वाटलेली आहेत. तुम्ही कुणालाही मूळ गाव आणि आडनाव सांगा, ते सांगतात अमक्यांकडं जा. दुसऱ्याच विचारण्यात आम्ही योग्य दारात पोचलो. गुरुजींनी विचारलं, "मूळ गाव?" मी नव्या गावाचा तालुका, जिल्हा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे धरणाच्या नंतरचं झालं. जुनं गाव गंगेच्या कुठल्या अंगाला?" आबा ताठ झाले. "उत्तरेच्या," ते म्हणाले. "बरोबर," असं म्हणून गुरुजी आत गेले.

बाहेर आली ती लांबट, आडवी, लाल कापडात बांधलेली वही. कडा तपकिरी झालेल्या, पण शाई काळीभोर. पहिल्यांदा निघाला शके १८७८ चा लेख. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन, म्हणजे १९५६. खाली आजोबांची सही. मी त्यांची सही ओळखते. माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकावर त्यांनीच केली होती. तीच खालून वर गेलेली रेघ, तेच शेवटचं टिंब! गुरुजींनी पान उलटलं, मागं गेले, आणखी मागं गेले. शके १८२४, म्हणजे १९०२. इथून पुढं लिपी मोडी. मोडीत आधी डोक्यावरची रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. शब्दांत अंतर नाही, अक्षर एकमेकांत मोडलेलं. मला ते गुंतलेल्या दोऱ्यासारखं दिसलं. गुरुजी मात्र वर्तमानपत्र वाचावं तसं वाचत गेले. गाव, परगणे पैठण, मग नाव, बिन अमुक, बिन तमुक. बिन म्हणजे त्याचा मुलगा. एका दमात तीन पिढ्या! त्याखाली भावांची नावं, पुतण्यांची, आणि मग ओळीच्या शेवटी तिचं नाव. खापरपणजीचं. बायकांची नावं जुन्या कागदांत फार थोडी येतात हे मला पुढच्या अडीच महिन्यांत चांगलंच कळलं, पण त्या क्षणी एवढंच दिसलं की ते नाव माझ्या धाकट्या लेकीचं आहे. आम्ही ते पुस्तकात बघून ठेवलं होतं, छान वाटलं म्हणून. घरात कुणाला ठाऊक नव्हतं की ते नाव आधीच आमचं होतं. आबांनी डोळे पुसले. मी इथं ते नाव लिहीत नाही, ते घरातच राहू दे.

आणि १९०२ या आकड्याकडं बघा तरी! हैदराबाद–मनमाड रेल्वे औरंगाबादवरून १९०० साली सुरू झाली. म्हणजे आगगाडी येऊन दोन वर्षं होतात न होतात तोच गोदाकाठचा एक शेतकरी बायको-भावांना घेऊन मनमाडमार्गे त्र्यंबकला पोचला असणार. त्याच्या आधीचा लेख शके १७८२ चा, १८६० चा. तेव्हा गाडी नव्हती. ते चालत आले असतील, नाही तर बैलगाडीनं. परतीच्या वाटेवर मी आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग आपल्याला गाडी चालवायची घाई कशाला? हळू चल."

निघताना गुरुजींनी वही माझ्यापुढं सरकवली आणि लेखणी दिली. मी लिहिलं. आबांचं नाव, आईचं नाव, माझं, भावाचं, भाच्याचं फोर्ट वेनसकट, आणि सगळ्या लेकीसुनांची नावं एकही न वगळता.

इथून मला वेडच लागलं.

पुढचा शोध आजोबांच्या शाळेचा. पैठणच्या एका जुन्या शाळेत दाखल-खारीजचं रजिस्टर मिळालं. दाखल म्हणजे शाळेत आला, खारीज म्हणजे सोडून गेला. रजिस्टर उर्दूत! अर्थात उर्दूतच असणार, निजामाच्या राज्यात सरकारदरबारची भाषा उर्दू होती, आणि मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्या राज्यात होता. पण पाठ्यपुस्तकातली ती ओळ वेगळी आणि आपल्या आजोबांचं नाव उजवीकडून डावीकडं लिहिलेलं बघणं वेगळं. मोबाइलवर फोटो काढला आणि आमच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांकडं, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, त्यांच्याकडं पळाले. चाचांनी चष्मा लावला आणि आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव, धंदा काश्तकारी असं वाचत गेले. तारखेपाशी थांबले. "अमरदाद, तेराशे सेहेचाळीस फसली."

फसली! मराठवाड्यातला कुठलाही जुना कागद उघडायचा तर ही किल्ली हवी. फसली म्हणजे पिकाचं, महसुलाचं वर्ष. निजामाच्या राज्यात ते ऑक्टोबरात सुरू व्हायचं आणि महिने इराणी नावांचे, आजूर, दय, बहमन, इस्फंदार असे. आजूर म्हणजे साधारण ऑक्टोबर, अमरदाद म्हणजे जून. ऑक्टोबर ते डिसेंबरातली तारीख असेल तर फसली सालात ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढची असेल तर ५९१. म्हणजे अमरदाद १३४६ हा १९३७ चा जून. पावसाळ्याच्या तोंडावर सात वर्षांचं एक पोर गावाहून पैठणला शाळेत घातलं गेलं. मी चाचांच्या ओट्यावर बसून बोटांवर हिशेब केला आणि ओरडलेच! चाचा म्हणाले, "बेटा, माझ्या वालिदचं नावही असंच कुठंतरी असेल की." पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं त्यांच्या वडिलांच्या शोधात. ते वेगळंच प्रकरण आहे, त्यावर केव्हातरी वेगळं लिहीन. एवढं सांगते की पाणचक्कीच्या आवारातल्या बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याशी चाचांच्या घराण्याचं नातं आहे असं ते मानतात. आणि त्या दर्ग्याच्या सूफींच्या आठवणींचा फारसी ग्रंथ सायमन डिग्बी या इंग्रज अभ्यासकानं इंग्रजीत आणलेला आहे. औरंगजेबाच्या काळातले आपल्या शहरातले फकीर, शिपाई, घोडेवाले त्यात आहेत. चाचांनी तो ग्रंथ हातात घेतला तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

आपल्याकडच्या एका साध्या शेतकऱ्याच्या घराची कहाणी मोडी, उर्दू आणि बाळबोध अशा तीन लिप्यांत विखुरलेली आहे. एक माणूस ती एकट्यानं वाचू शकत नाही. शेजाऱ्याकडं जावंच लागतं. मला हे फार आवडलं.

मग महसूल. इथं जरा धीर लागतो. एका कार्यालयात मला सांगितलं गेलं की जुनं सगळं वाळवीनं खाल्लं. दुसऱ्यात त्याच गोष्टीची नक्कल तीन दिवसांत मिळाली. मागताना नाव अचूक मागायचं हे मी शिकले. जुने कागद द्या म्हटलं तर कुणीच काही देत नाही. खासरा पत्रक १९५४-५५ द्या म्हणा. हैदराबाद राज्याच्या शेवटच्या वर्षांतली ती पाहणी, त्यात शेताचा नंबर, पट्टेदार कोण, प्रत्यक्ष कसतो कोण, पीक काय, हे सगळं ओळीनं आहे. त्याआधीचं हवं तर सेतवार. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, कारण गावचा कोतवाल त्या नोंदी ठेवायचा. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हापासून हे बस्ते मोठ्या प्रमाणावर उघडले गेले, स्कॅन झाले, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढले. दाखल्यासाठी आलेल्या माणसांच्या रांगेत मी उभी राहिले तेव्हा पाहिलं, प्रत्येकाच्या हातात पणजोबांच्या नावाची चिठ्ठी! मराठवाड्यात इतकी माणसं एकाच वेळी आपल्या पणजोबांची नावं पुटपुटत कधी उभी राहिली असतील का?

आणि मग हाती आला निवाडा.

धरणासाठी जमीन घेताना भूसंपादनाचा निवाडा होतो. कुणाची किती जमीन, किती मोबदला, असा रुक्ष सरकारी कागद असणार असं मला वाटलं होतं. झेरॉक्स हातात घेऊन मी बसस्टँडवरच्या बाकावर बसले आणि दोन बस सोडल्या. कारण सरकारनं मोबदला द्यायचा म्हणून गावातली प्रत्येक वस्तू मोजली होती! घर मातीचं, माळवदाचं, खण पाच. गोठा एक. कडब्याची वळई ठेवायचा ओटा. पेव एक. लिंब दोन, बोर एक, बाभळी चार, शेवगा एक. विहीर, दगडी बांधकाम, मोट चालू. असं घर क्रमांक एकपासून गावाच्या शेवटच्या घरापर्यंत. कुणाच्या दारात चिंच होती, कुणाच्या परसात डाळिंब. कुणाचं घर नुसतं कुडाचं होतं, झाड एकही नाही. देवळाचा चौथरा, चावडी, मशिदीची भिंत. गाव बुडवण्यासाठी केलेल्या त्या यादीत सगळं गाव जागच्या जागी उभं आहे. एखाद्या कवीनं नसतं लिहिलं इतकं बारीक त्या कारकुनानं लिहून ठेवलं. कोण होता तो, मला माहीत नाही, पण त्याचं अक्षर सुरेख आहे आणि मी मनातल्या मनात त्याला दहादा नमस्कार केला.

घरी येऊन आबांना वाचून दाखवलं. "लिंब दोन," म्हटल्यावर ते म्हणाले, "एकावर झोका होता." "बोर एक." "गोड नव्हतं." "पेव एक." "त्यात मी पडलो होतो." पन्नास वर्षांत न उघडलेलं तोंड त्या यादीनं उघडलं. मी लिहून घेत होते, हात पुरेना.

आता १९६१ च्या जनगणनेची औरंगाबाद जिल्ह्याची हस्तपुस्तिका बघा. जनगणना खात्यानं ती ऑनलाइन ठेवली आहे. त्यात आमचं गाव आहे, घरं किती, माणसं किती, लिहिता-वाचता येणारे किती, शाळा आहे की नाही. नकाशा हवा होता. तोही मिळाला, आणि तो निघाला टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टानेडा ग्रंथालयाच्या संग्रहात! अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागानं १९५० च्या दशकात भारताचे नकाशे केले होते, एकास अडीच लाख प्रमाणाचे, ते त्यांनी सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. पैठणच्या वर बघितलं तर तिथं नाथसागर नाहीच! नुसती गंगा, वळत वळत आलेली, आणि तिच्या दोन्ही काठांना तिळासारखे ठिपके. एका ठिपक्याशेजारी आमचं नाव. मी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

गावांच्या नोंदींचं हे वेड आपल्याकडं काही आजचं नाही. महानुभावांची 'स्थानपोथी' आहे, चौदाव्या शतकातली. चक्रधरस्वामी जिथं जिथं राहिले, त्या त्या गावातली जागा कुठली, देवळाचं दार कुठल्या दिशेला, त्याच्या शेजारी काय, हे त्यात नोंदवून ठेवलं आहे. पैठण त्यात भरभरून आहे. सहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी आमच्याच गंगेच्या काठानं हिंडत दारांच्या दिशा लिहून घेत होतं! आणि १८८४ चं निजाम सरकारचं औरंगाबाद गॅझेटिअर, १९७७ चं महाराष्ट्र शासनाचं गॅझेटिअर, विद्यापीठातलं इतिहास वस्तुसंग्रहालय, पुराभिलेख खात्याचं इथलं कार्यालय, यातलं प्रत्येक ठिकाण माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. आजवर मी पाहुण्यांना काय दाखवायचे? वेरूळची लेणी, आणि तिथंच मालोजीराजांची गढी. भोसल्यांची वंशावळ मला शाळेपासून पाठ होती. बाबाजी, मालोजी, शहाजी, शिवाजी. नाथांच्या वाड्यात गेलं की भानुदासांपासून एकनाथांपर्यंत सांगता यायचं. माझ्या स्वतःच्या घरातलं आजोबांपलीकडचं एकही नाव येत नव्हतं. आता सात पिढ्या येतात, आणि त्यात तीन बायका आहेत. बाकीच्या बायकांच्या शोधात आहे. त्यांच्या माहेरांच्या वह्यांत त्या असतील, लेक म्हणून. म्हणजे आता दुसऱ्या आडनावांच्या दारात जायचं! मोडीच्या वर्गालाही नाव घातलं आहे. ट आणि ठ अजून चुकतात, पण "बिन" लांबूनही ओळखते.

गेल्या महिन्यात, मेच्या शेवटी, धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं. आम्ही आबांना घेऊन काठावर गेलो. पाणी मागं हटलेल्या गाळात लोक गाळपेर करतात, तशी कुणी कुणी केली होती, जमीन भेगाळलेली आणि काळीकुट्ट. भाचा व्हिडिओ कॉलवर, त्याची लेक अर्धवट झोपेत. माझ्या हातात निवाड्याची झेरॉक्स आणि नकाशाचा प्रिंट. देवळाचा चौथरा दिसला, नुसता दगडांचा चौकोन, वर बगळे बसलेले. आबा चौथऱ्याच्या कोपऱ्यावर उभे राहिले, गंगेकडं पाठ केली आणि चालायला लागले. मी मागून विचारलं, "कुठं निघालात?" ते पावलं मोजत होते, बोलले नाहीत. मग एका जागी थांबले, चपलेच्या टोकानं गाळ बाजूला केला. खाली घडीव दगडाची कड होती, वळण घेतलेली, आणि तिच्यावर दोराच्या घासानं पडलेल्या चार खाचा.

"वाच," आबा म्हणाले.

"विहीर, दगडी बांधकाम," मी वाचलं, "मोट चालू."

"हं," ते म्हणाले, आणि खाली बसून एकेका खाचेत बोट घालून बघायला लागले.